भिंतीवरची तारीख, अंगणातला दिवस

अर्नाळ्याच्या अंगणवाडीत जा, नालासोपारा पूर्वेच्या चाळीतल्या बालवाडीत जा, नाहीतर वसई स्टेशनजवळ इमारतीच्या तळमजल्यावर दोन गाळे जोडून काढलेल्या ‘ज्युनिअर केजी’त जा, एका भिंतीवर दिनदर्शिकेचा तक्ता असतोच. वर महिन्याचं नाव, खाली वार आणि चौकटी, बाजूला हसरा सूर्य, ढग आणि छत्री. सकाळची प्रार्थना झाली की ताई पट्टी घेऊन तक्त्यापाशी उभ्या राहतात. “आज वार कोणता?” “मंऽगळवार!” “तारीख?” “चौऽदा!” छत्रीच्या चित्राला चिमटा लागतो आणि पाठ संपतो. अशा वेळी जरा थांबून “मग काल काय होतं?” असं विचारून बघावं. आत्ता गरजणारा वर्ग एकदम सामसूम होतो. कुणी “रविवार” म्हणतं, कुणी “पाऊस”, आणि एखादी मुलगी सांगते, “काल आमच्याकडे मामा आला होता.”

माझ्या मते त्या मुलीचंच उत्तर बरोबर. हे पुस्तक त्या उत्तराची बाजू घेऊन लिहिलेलं आहे, म्हणून प्रस्तावनेला मी लगेच हो म्हटलं. वसई-विरारमधल्या बालवाडी आणि अंगणवाडीच्या ताईंसाठी, आणि लहान वर्ग चालवणाऱ्या खासगी शाळांतल्या शिक्षिकांसाठी ते आहे. मुलांच्या आयांनीही ते चाळायला हरकत नाही.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला चेंडू हातात घेता येतो, गुरुवार घेता येत नाही. ही हाती न लागणारी गोष्ट दिनदर्शिका भिंतीवर मांडते, आणि मांडता मांडता बरंच काही शिकवून जाते. रोज एकच चौकट भरायची, म्हणजे एकास एक संगती आली. रविवार पुन्हा पुन्हा त्याच ओळीत येतो, म्हणजे आकृतिबंध आला. महिनाअखेरीस छत्र्या जास्त की सूर्य जास्त हे मोजलं की मुलांचा पहिला आलेख झाला. आजच्या चौकटीत काय काढायचं यावर भांडण झालं तर भाषेचा तास वेगळा घ्यायलाच नको. आणि गणपतीला अजून किती दिवस, हे बोटांवर मोजणारं मूल वजाबाकी हा शब्द न ऐकताच वजाबाकी करत असतं. वाट पाहता येणं हेही त्यातच येतं, आणि त्या वयात ते सगळ्यात कठीण.

पण या साधनात खाचखळगेही आहेत, आणि ते मराठी वर्गात जास्तच जाणवतात. तारखा एकतीसपर्यंत जातात. आपली संख्यानावं अशी की बावीस म्हणताना मूल आधी दोन ऐकतं, मग वीस. लिहिताना मात्र दोन्ही आकडे दोनच, तेव्हा भागतं. तेवीसला घोळ सुरू होतो. एकोणतीसला तर कान तीस ऐकतो आणि डोळ्यासमोर दोन आणि नऊ. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनाची जोडपद्धत आणली, तेव्हा केवढा गहजब झाला! गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे सांगत राहिल्या की जुनी नावं रद्द केलेली नाहीत, मुलांना सोपं जावं म्हणून हा दुसरा रस्ता दिला आहे. त्यांचं म्हणणं मला तेव्हाही पटलं होतं. दुसरीतल्या मुलांना जे जड जातं, ते आपण चार वर्षांच्या मुलांकडून रोज सकाळी ओरडून घेतो. दहाच्या पुढचे आकडे या वयात कानावर पडू द्यावेत, त्यांची परीक्षा घेऊ नये.

दुसरा खळगा आपल्या घरातच आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केलं आणि मराठी स्वयंपाकघराची एक भिंत त्याने कायमची अडवली. दूधवाल्याच्या खुणा, गॅस सिलिंडरची तारीख, उपासाची चतुर्थी, सगळं त्यावर. त्यात वार डाव्या बाजूला एकाखाली एक असतात आणि आठवडा वरून खाली उतरतो. शाळेतल्या तयार तक्त्यावर मात्र वार वर, आठवडा डावीकडून उजवीकडे. मोठ्या माणसाला हा फरक दिसतही नाही. घरी आजीच्या कडेवर बसून बोटाने खाली खाली सरकायला शिकलेलं मूल शाळेत त्याच बोटाने खाली येतं आणि चौदाच्या पुढे एकवीस म्हणतं. ताई म्हणतात, चुकलं. मूल चुकलेलं नसतं, ते आठवडा वाचत असतं. महिन्याच्या सुरुवातीच्या रिकाम्या चौकटी हेही असंच एक कोडं. “इथले दिवस कुठे गेले?” या प्रश्नाला बहुतेक वर्गांत उत्तर मिळत नाही.

वर्गात दिवस मांडण्याची कल्पना आली कुठून, हेही नवख्या वाचकाला माहीत असावं. १८३७ साली जर्मनीत ब्लांकेनबुर्गला फ्रोबेलने आपली बालशाळा काढली आणि मुलांना गोलात बसवून दिवस सुरू करण्याची रीत रुजली. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मारिया माँटेसरींचं बालघर उघडलं. माँटेसरी शाळांतला वाढदिवस मला फार आवडतो: मधे मेणबत्तीचा सूर्य, आणि मूल पृथ्वीचा गोल हातात धरून त्याभोवती वयाइतक्या फेऱ्या घालतं. वर्ष म्हणजे काय, हे पायांनी कळतं. १९१९ मध्ये श्टुटगार्टला सुरू झालेल्या रुडॉल्फ स्टायनरच्या शाळांनी तारखा बाजूला ठेवून ऋतूचं मेज मांडलं: पानं, बिया, फुलं ऋतूप्रमाणे बदलत राहायची. अमेरिकेत गाडी गणिताकडे वळली. मेरी बराटा-लॉर्टन यांच्या १९७६ च्या ‘मॅथमॅटिक्स देअर वे’ या पुस्तकापासून सकाळची दिनदर्शिका हा गणिताचा रोजचा रियाज झाला. शाळेच्या प्रत्येक दिवसाला एक काडी, दहा झाल्या की जुडी. आपल्याकडच्या खासगी शाळांतले तयार तक्ते बहुतेक याच वाटेने आलेत, फक्त काड्या आणि जुड्या वाटेतच राहिल्या.

मग अमेरिकेतूनच उलटा आवाजही उठला. सॅली बेनेके, मिशेलीन ऑस्ट्रोस्की आणि लिलियन कॅट्झ या तिघींनी २००८ साली ‘यंग चिल्ड्रन’ मासिकात लिहिलं की हेतू चांगला असला तरी रोजच्या दिनदर्शिकेच्या पाठातून लहान मुलांच्या पदरात फारसं पडत नाही. त्याऐवजी दिवसाचा क्रम दाखवणारी चित्रं, फोटो, मुलांनी हाती घेतलेल्या कामाच्या नोंदी असं काही वापरा, असं त्यांचं म्हणणं. त्यामागे जुना आधार होता. मुलांच्या मनातल्या काळाच्या कल्पनेवर पियाजेचं पुस्तक १९४६ सालचं. पुढे विल्यम फ्रीडमन यांच्यासारख्या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की चार-पाच वर्षांचं मूल उठणं, जेवण, खेळ, झोप ही साखळी नीट लावतं. वार आणि महिने यांच्यातलं अंतर मनात मोजायला मात्र शाळेची आणखी काही वर्षं जावी लागतात. म्हणजे वारांची नावं घडाघडा म्हणणं ही पाठांतराची करामत झाली, काळाची समज नव्हे.

या तिघींशी मी बराचसा सहमत आहे, पण तक्ता काढूनच टाका असं म्हणायला मी तयार नाही. त्याचं कारण परदेशी संशोधनात नाही, विरारहून डहाणूच्या पुढे गेलं की लागणाऱ्या घोलवडजवळच्या एका टेकडीवर आहे.

१९२० साली गिजुभाई बधेकांनी भावनगरला बालमंदिर काढलं. तिथे १९२३ मध्ये ताराबाई मोडक दाखल झाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, पुढे ताराबाईंनी दादरला शिशुविहार चालवला. तोवर सगळं शहरी, पांढरपेशा मुलांचं होतं. १९४५ साली त्या बोर्डीला आल्या. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि काही वर्षांनी दोघी कोसबाडच्या टेकडीवर वारली पाड्यांत गेल्या. माँटेसरींची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या हीच साधनं झाली. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली, अंगणवाडी तिथली. मुलं गुरं घेऊन रानात जात, तर शिक्षक मागोमाग रानात गेले, ती कुरणशाळा.

कुरणशाळेकडे मी काळाचा प्रयोग म्हणून पाहतो. शाळेची वेळ अकरा ते पाच असते हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं. गुरं सोडायची वेळ, पाण्यावर न्यायची वेळ, सावलीत बसायची वेळ ही त्या मुलांची खरी घड्याळं होती, आणि ताराबाई-अनुताईंनी शाळेचं घड्याळ त्यांच्याशी जुळवून घेतलं. दिनदर्शिकेचा पाठ घेण्याआधी दिनदर्शिका कुणाची, हे विचारायचं असतं, हा धडा आपल्याच जिल्ह्यात गिरवला गेला आहे. पुढे प्रा. रमेश पानसे आणि ग्राममंगल यांनी डहाणू तालुक्यात ऐने इथे ती वाट चालू ठेवली. तरीही आपल्या ताईंच्या प्रशिक्षणात फ्रोबेलचं नाव आधी येतं, कोसबाडचं नंतर, वेळ उरला तर.

२ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी देशभर पोचली. नाव पोचलं, आहार पोचला, वजनकाटा पोचला. शिक्षण मागे रेंगाळलं. सेविकेच्या हातात रजिस्टरांची चळत, आता मोबाइलवरची नोंदणीही; त्यातून उरलेल्या वेळात गाणी आणि तक्ता. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून पुढचा, त्यामुळे तीन ते सहा हा पट्टा बराचसा मोकळाच राहिला आणि गल्लोगल्ली प्ले ग्रुप उगवले. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ ही पाच वर्षं पायाभूत स्तर म्हणून एकत्र बांधली, २०२२ मध्ये त्या स्तराचा राष्ट्रीय आराखडा आला आणि खेळातून शिक्षण हे अधिकृत झालं. कागदावर आज अनुताई जिंकल्या आहेत. वर्गात अजून ‘वेन्सडे’चं स्पेलिंग गिरवायची वर्कशीट चालू आहे. धोरण आणि वर्कशीट यांच्या मधल्या जागेत ताईंना काहीतरी हाताशी हवं, म्हणून असं पुस्तक आत्ता हवं.

आणि ते वसई-विरारमधूनच का यावं? कारण एका वर्गात इतकी पंचांगं एकत्र नांदणारी गावं फार नाहीत. २००९ मध्ये चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून महापालिका झाली; २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या बारा लाखांवर होती. त्यात कोळी आहेत, आगरी, वाडवळ, सामवेदी ख्रिस्ती, वारली, मुसलमान, आणि लोकलच्या भरवशावर नालासोपाऱ्यात घर घेतलेली कोकणातली, देशावरची, उत्तर प्रदेशातली कुटुंबं.

अर्नाळ्याच्या एका वर्गातला प्रसंग सांगतो. ताईंनी नेहमीचा प्रश्न टाकला, वर्गाने नेहमीचा वार ओरडला. मागे बसलेला एक मुलगा मान हलवत म्हणाला, “आज भांग हाय.” ताई मूळच्या घाटावरच्या, त्यांना वाटलं पोरगा भलतंच काही बोलतोय. मदतनीस गावातल्या, त्या हसल्या आणि त्यांनी समजावलं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी. डोल जाळ्यांची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. भांगाला ओढ नसते, म्हणून बाप घरी जाळं शिवत बसलेला. पाच वर्षांच्या त्या मुलाला तिथी माहीत नव्हती, वारही बहुधा माहीत नव्हता. पण आज बाबा घरी का आहेत आणि आणखी थोड्या दिवसांनी का नसतील, हे त्याला पक्कं माहीत होतं. काळाची समज म्हणतात ती हीच. ताईंनी त्या दिवशी चौकटीत होडी काढली, किनाऱ्याला लावलेली. पुढच्या उधाणाला पाण्यातली होडी आली. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद, तेव्हा सलग साठ-एक होड्या किनाऱ्याला. आणि मग नारळी पौर्णिमा. तेवढ्या चित्रांतून मुलांना दोन महिने केवढे लांब असतात ते दिसलं. ‘जून-जुलै’ म्हणून ते दिसत नाही.

नालासोपाऱ्यात वेगळीच गंमत. तिथे आषाढी पौर्णिमा उलटली की उत्तरेकडची मुलं सांगू लागतात की सावन लागला. मराठी मुलांचा श्रावण यायला अजून पंधरवडा असतो, कारण उत्तरेकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. मोठी माणसं यावर वाद घालतील. मुलं घालत नाहीत. भिंतीवर दोन दोऱ्या लावल्या, एकीवर यांचा श्रावण, दुसरीवर त्यांचा. राखीच्या दिवशी दोन्ही दोऱ्यांवरची राखी एकाखाली एक आली आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या. ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, हे या वयात सांगायची गरज नाही, पण चंद्र दिसला का हा प्रश्न वर्गात यायलाच हवा.

सणांकडे सुट्टी म्हणूनच पाहायची आपल्याला सवय. खरं तर त्यांतले काही सण म्हणजे लहान मुलांच्या मापाची तयार दिनदर्शिका आहे. ख्रिस्ती घरांत आगमनकाळात दर रविवारी एक मेणबत्ती जास्त लागते. चार लागल्या की नाताळ. चारपर्यंत कुणालाही मोजता येतं. नवरात्रात घटाला रोज एक माळ चढते आणि खाली धान्य वाढत जातं: नऊ दिवस, आकडा आणि वाढ, दोन्ही डोळ्यांसमोर. दीड दिवसाचा गणपती आणि पाच दिवसांचा गणपती यांतला फरक विसर्जनाला रडणाऱ्या मुलाइतका कुणाला कळतो? सणच कशाला, मोगऱ्याच्या वाडीतल्या मुलाला उन्हाळा म्हणजे आई पहाटे कळ्या खुडते आणि टोपल्या दादरच्या गाडीला जातात तो काळ. मिठागरावरच्या मुलासाठी पाऊस म्हणजे काम बंद. इमारतीतल्या मुलाचा रविवार म्हणजे बाबा विरार फास्टच्या मागे न धावता घरी असतात तो दिवस.

या सगळ्याला भिंतीवर जागा देणं हा या पुस्तकाचा प्रयत्न आहे. वयाप्रमाणे त्याने आवाका ठरवला आहे: तीन वर्षांच्या मुलाला एक दिवस पुरे, म्हणजे आधी काय आणि मग काय, चार वर्षांच्या मुलाला आठवडा, तोही कोणत्या वारी आहारात काय असतं यावरून ओळखलेला, महिना पाच पूर्ण झाल्यावर. चौकटींच्या आधी सरळ पट्टी येते, कारण दिवस रांगेत येतात हे कळल्याशिवाय रांग मोडून खाली का जाते हे कळत नाही. कोणता विचार कुठल्या परंपरेतून घेतला हे लेखिका लपवत नाहीत. काड्यांच्या जुड्या अमेरिकेच्या, मेणबत्तीभोवतीची फेरी माँटेसरींची, शिंपले कोसबाडचे. एका पंथाला वाहून घेणाऱ्यांना ही खिचडी रुचणार नाही. मला ती योग्य वाटते. पंचवीस मुलं आणि एक खोली सांभाळणाऱ्या बाईला पंथ परवडत नाही.

दोन ठिकाणी माझा लेखिकांशी मतभेद आहे, तो नोंदवतो. वाढदिवसाच्या तक्त्यावर त्यांचा फार जीव आहे. आपल्याकडे एक पिढी अशी आहे की जिचा जन्म शाळेच्या दाखल्यावर सरसकट १ जूनला झाला; आजोबांचा, आजीचा, कधी बापाचाही वाढदिवस एकाच दिवशी. कुटुंबाचे वाढदिवस विचारायला लावले की काही मुलांकडे सांगायला काहीच नसतं. ‘तू झालास तेव्हा पाऊस होता की ऊन’ हा प्रश्न आईला विचारून यायला सांगावं, तारीख सोडून द्यावी. दुसरं, हवामानाच्या चित्रांत त्यांनी बर्फाचा बाहुला ठेवला आहे, ‘मुलांना आवडतो’ म्हणून. वसईच्या भिंतीवर त्याचं काम नाही. त्याच्या जागी दमट, घामाचा दिवस हवा. तो आपल्याकडे वर्षातून कितीतरी वेळा येतो आणि एकाही तयार तक्त्यावर नसतो.

साहित्याचं प्रकरण मात्र अगदी अनुभवातून आलेलं आहे. जुलैत इथल्या भिंतींना ओल येते, चिकटपट्टी रात्रीत सुटते, कार्डशीट वाकडी होते. म्हणून पुस्तकात सगळं दोरी आणि कपड्यांच्या चिमट्यांवर टांगलेलं आहे, आणि दोरी मुलांच्या खांद्याच्या उंचीवर. ताईंच्या उंचीवर टांगलेला तक्ता ताईंचाच राहतो. रोजची चौकट मूल भरतं. ताईंनी फक्त विचारायचं आणि ऐकायचं. “काल आमच्याकडे मामा आला होता” असं कुणी म्हणालं तर चौकटीत मामा काढायचा, वार त्याखाली बारीक अक्षरात लिहायचा.

पुस्तकातली पानं जानेवारीपासून सुरू होत नाहीत, जूनमध्ये शाळा उघडते तिथून सुरू होतात. त्यांवर साल छापलेलं नाही, सणांच्या तारखाही नाहीत. त्या दर वर्षी आपापल्या कालनिर्णयातून बघून, गावच्या कोळणीला, चर्चमधल्या सिस्टरना, मशिदीशेजारच्या चाचांना विचारून ताईंनी पेन्सिलीने भरायच्या आहेत. खोडरबर जवळ ठेवावा. चंद्राचं काही सांगता येत नाही.